चिमटा, भिंग आणि कथलाचा थेंब

घरातला एलईडीचा दिवा गेला, की आपण तो मुकाट्याने कचऱ्यात टाकतो. कधी एखाद्या फुटलेल्या, बरेच दिवस बाजूला पडलेल्या दिव्याच्या आत डोकावून पाहिलंय तुम्ही? अ‍ॅल्युमिनियमच्या एका चकतीवर तांदळाच्या कणीएवढे पिवळे चौकोन ओळीने चिकटवलेले दिसतात. तेच खरे दिवे. जुन्या रेडिओत जशा तारांच्या तंगड्या पट्टीच्या भोकातून आरपार घालून मागच्या बाजूने डाख दिलेला असायचा, तसं इथे काही नसतं. भोक नाही, तंगडी नाही. तो इवलासा तुकडा पट्टीच्या पाठीवर नुसता बसवलेला आणि कथलाच्या थेंबाने धरून ठेवलेला. याच पद्धतीला ‘सरफेस माउंट’ म्हणतात. मोबाइल, टीव्ही, गिझर, पंख्याचा रेग्युलेटर, शेतातल्या पंपाचा स्टार्टर, पुष्कळ ठिकाणी आता हीच तऱ्हा.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? सांगते. पापड, लोणची, शेवया, मसाले यांच्या पलीकडे काही तरी करावं, असं आज पुष्कळ बचत गटांना वाटतं. मग कुणीतरी एक रंगीत पत्रक घेऊन येतं: ‘घरबसल्या सर्किट जोडा, मशीन घ्या, कर्जाची सोय आहे.’ कर्ज दहा जणींच्या नावावर निघतं. मशीन चाललं काय नि धूळ खात पडलं काय, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा! म्हणूनच या कामात कोणतं साहित्य घ्यावं, कोणतं मुळीच घेऊ नये, आणि माल बिघडायला लागला तर दोष शोधायचा कसा, हे पैसे मोजायच्या आधी कळलेलं बरं.

वर्ध्याला हे नवं नाही

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या बायकांनी डाख द्यायचं हत्यार हाती घेतलं, त्याला काही वर्षं झाली. देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) गावच्या बायकांनी २०२० च्या आधीच्या काही वर्षांत ‘तेजस्वी’ नावाची सहकारी संस्था काढून सौर पॅनेल बनवायला घेतले. ‘उमेद’ अभियानाचा हातभार आणि मुंबईच्या आय.आय.टी.चं तांत्रिक मार्गदर्शन त्यांना मिळालं. पॅनेलचं काम सरफेस माउंटहून थोडं निराळं. काचेसारख्या तडकणाऱ्या पातळ चकत्यांवर कथील चढवलेल्या तांब्याच्या पट्ट्या जोडायच्या, मग सगळं काचेखाली दाबून बंद करायचं. पण उष्णता बेताची हवी, हात हलका हवा आणि एक कच्चा सांधा सगळ्या मालाचा घात करतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

त्याच्याही आधी, २०१४ ते २०१६ या काळात, आय.आय.टी. मुंबईने महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या दहा लाखांहून अधिक मुलांपर्यंत अभ्यासाचे सौर दिवे पोचवले. ते दिवे जोडण्याचं नि दुरुस्त करण्याचं काम गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतलं. तेव्हा ‘हे काम शहरातल्या कारखान्याचंच’ ही भीती पहिली काढून टाका.

यंत्राची परीक्षा: १९२९ सालची मोजपट्टी

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं नि खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारं हवं. बाईमाणसाला ते आठ तास फारसं न दमता चालवता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकावं आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा.

पुढे १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. आज मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे ‘एमगिरी’, आहे. या सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच: यंत्र माणसाला पेलणारं आहे की नाही?

तीच मोजपट्टी सर्किटच्या यंत्राला लावा. आमच्या जागेत मावेल? आमच्या विजेवर चालेल? गटातली कुणीही बाई ते चालवू शकेल, की एकटीच्याच हातात राहील? बिघडलं तर वर्ध्याला नाही तर निदान नागपूरला दुरुस्त होईल? वर्षाकाठी दुरुस्तीला किती जातील? यातल्या एकाचंही उत्तर विक्रेत्याला सरळ देता आलं नाही, तर चहा पाजून त्याला निरोप द्या.

काम आहे तरी काय?

कल्हईवाला आठवतो ना? भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथील फिरवायचं. नवसागराने तांब्यापितळेवरचा मळ निघतो, म्हणूनच कथील धरतं. नवसागर नसेल तर कथलाच्या नुसत्या गोळ्या होऊन घरंगळतात. इथेही तेच शास्त्र, फक्त नवसागराऐवजी राळेसारखा पदार्थ वापरतात आणि त्याला ‘फ्लक्स’ म्हणतात. कथलाची बारीक भुकटी आणि फ्लक्स कालवून केलेली राखाडी लापशी म्हणजे ‘सोल्डर पेस्ट’.

आता पायऱ्या पाहा. पहिली, पट्टीवर पेस्ट लावणे. रांगोळीचा छापा असतो ना, तसाच स्टीलच्या पातळ पत्र्याचा छापा मिळतो. त्याला ‘स्टेन्सिल’ म्हणतात. पट्टीवर तो नेमका बसवायचा, पात्याने पेस्ट ओढायची, छापा सरळ वर उचलायचा. दुसरी, चिमट्याने किंवा हवा ओढून धरणाऱ्या लेखणीने एकेक भाग जागेवर ठेवणे. तिसरी, सगळी पट्टी तापवून पेस्ट वितळवणे. चौथी, थंड करून भिंगाखाली तपासणे.

तापवणं हे भातासारखं आहे. एकदम मोठी आच केली तर वरून करपतो, आत कणी राहते. आधी हळूहळू १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. मग १५० ते १८० च्या दरम्यान साधारण मिनिट-दीड मिनिट मुरू द्यायचं, म्हणजे लहानमोठे भाग सारखे तापतात. मग वितळणबिंदूच्या वर न्यायचं, तिथे मिनिटभर ठेवायचं आणि उतरवायचं. शिशाचं सोल्डर (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) १८३ अंशांना वितळतं. बिनशिशाचं नेहमीचं सोल्डर, ज्यात कथलाबरोबर थोडी चांदी नि तांबं असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि त्याला २४० पर्यंत न्यावं लागतं.

साहित्य घ्यायचं कसं?

अगोदर डाव्या हाताने होणारे खर्च सांगते, कारण पत्रकात नेमके हेच नसतात. चांगला टोकदार चिमटा, दिवा लावलेलं उभं भिंग, मल्टिमीटर, तापमान ठरवता येणारी सोल्डरिंगची इस्त्री, जादा कथील शोषून घेणारी तांब्याची वेणी, फ्लक्सची बाटली. धूर ओढणारा छोटा पंखाही यातच धरा, ती चैन नव्हे. इस्त्री मात्र ‘तापत राहणारी’ साधी घेऊ नका, आकडा लावता येणारी घ्या. साध्या इस्त्रीचं टोक वाटेल तेवढं तापतं आणि पट्टीवरचं तांबं सोलून निघतं.

छापा घेताना जाडी पाहा. आपल्या कामाला बहुधा ०.१२ मिलिमीटर पुरतो. जाड छापा म्हणजे जास्त पेस्ट, जास्त पेस्ट म्हणजे जास्त भानगडी. पट्टी ज्याच्याकडून करून घ्याल त्याच्याकडूनच छापाही करून घेतला, तर भोकं बरोबर जुळतात.

भागांचे आकार आकड्यांनी सांगतात. ‘१२०६’ म्हणजे ३.२ बाय १.६ मिलिमीटर. ‘०८०५’ म्हणजे २ बाय १.२५, ‘०६०३’ म्हणजे १.६ बाय ०.८. आणि ‘०४०२’ म्हणजे जेमतेम १ बाय अर्धा, म्हणजे खसखशीच्या दाण्याशी खेळ! शिकताना १२०६ आणि ०८०५ च्याच पट्ट्यांचं काम घ्या. हात बसला की ०६०३. काम देणारा ०४०२ म्हणाला, तर ‘सध्या नाही’ म्हणायला लाजू नका.

तापवायला तीन साधनं आहेत. गरम तवा (हॉट प्लेट): एकाच बाजूला भाग असलेल्या सपाट पट्टीला उत्तम. एलईडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला तर याच्यासारखं दुसरं नाही, उष्णता खालून सारखी मिळते. गरम हवेची बंदूक: दुरुस्तीसाठी हवीच, पण शंभर पट्ट्या तिच्यावर काढायच्या म्हणजे हात भरून येईल आणि वाऱ्याने भाग उडतील. भट्टी (रिफ्लो ओव्हन): रोज बरंच काम असेल तेव्हा. तीत नुसत्या तांबड्या दिव्यांनी तापणारी आणि गरम हवा पंख्याने खेळवणारी, असे दोन प्रकार. पंख्याची महाग, पण मधली नि कडेची पट्टी सारखी भाजते. घ्यायच्या आधी आपलीच पट्टी मधे एक आणि चार कोपऱ्यांत चार अशी ठेवून, समोर भाजून दाखवायला सांगा. दुकानदाराची नमुन्याची पट्टी नको!

आणि भाग आपोआप उचलून ठेवणारं मशीन? हिशेब मांडूया. समजा, पट्टीवर वीस भाग आहेत आणि सरावलेली बाई एका भागाला दहा सेकंद घेते. म्हणजे पट्टीला दोनशे सेकंद. दिवसात खरं बसून सहा तास काम झालं, तर २१,६०० सेकंद. भागा दोनशेने, १०८ पट्ट्या झाल्या. तिघी बसल्या तर तीनशेच्या वर. तुमची मागणी रोजची शंभर-दोनशेची असेल, तर मशीन कशाला? मशीन ताशी हजारो भाग ठेवतं असं पत्रकात लिहिलेलं असतं, ते एकाच तऱ्हेचा माल सलग चालला तर. दर दोन दिवसांनी नवी पट्टी आली, की भागांच्या रिळा बदलण्यात नि मशीनला नवी जागा शिकवण्यात अर्धा दिवस जातो. एकाच मालाची मोठी, लेखी, निदान वर्षभराची मागणी हातात असेल, तेव्हाच मशीनचा विचार करा.

वीज विसरू नका

दीड हजार वॅटची भट्टी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. तिला घरातला साधा बारीक प्लग चालणार नाही. १६ अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि खरं अर्थिंग पाहिजे. नुसती तिसरी तार लावून ठेवलेलं नको. वायरमनकडून तपासूनच घ्या.

आपल्याकडे संध्याकाळी पंप लागले की व्होल्टेज बसतं. २३० चे १९० झाले, तर हीटरची ताकद निम्मी-शिम्मी नव्हे, पण तिसऱ्या हिश्शाने जवळजवळ उतरते. शंभरातली अडुसष्टच उरते. ज्या भट्टीला नुसतं घड्याळ आहे, ती ठरलेल्या वेळी बंद होते आणि माल कच्चा राहतो. ज्या भट्टीला तापमान मोजणारी कांडी आहे, ती वेळ जास्त घेते पण पोचते. म्हणून भट्टी घ्याल तर तापमान पाहणारीच घ्या. ‘सकाळचा माल चांगला, संध्याकाळचा खराब’ असा अनुभव आला, तर बाईच्या हाताला बोल लावण्याआधी मीटरवर व्होल्टेज पाहा!

वर्ध्याचं ऊन आणि वर्ध्याचा पाऊस

पेस्ट थंड जागी ठेवायची असते, शून्य ते दहा अंशांत, पण गोठवायची नाही. ती काढल्याबरोबर उघडू नका. थंड बाटलीला उन्हाळ्यात बाहेरून घाम येतो, तसा डबी उघडताच पेस्टमध्ये ओल धरते. झाकण घट्ट ठेवून तीन-चार तास खोलीच्या हवेत राहू द्या, मगच उघडा. कामाला पंचवीस अंशांच्या आसपासची हवा चांगली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा पेस्ट पसरते, छाप्यावरच वाळते. त्या दिवसांत छपाईचं काम पहाटे उरकावं, दुपारी तपासणी आणि दुरुस्ती करावी. छाप्यावर उरलेली पेस्ट ताज्या डबीत परत घालू नये. दह्याच्या विरजणासारखं ते नाही. एकाने दुसऱ्याला खराबच करायचं.

विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा कसा काढायचा? काढा, पण कूलरचा झोत टेबलावर नको. एक तर तो ओलसर, दुसरं म्हणजे खडीसाखरेच्या चुऱ्याएवढे भाग क्षणात उडून जातील.

पावसाळ्यात एलईडी ओल पितात आणि भट्टीत गेले की आतल्या वाफेने तडकतात, लाही फुटावी तसे. म्हणून त्यांची पाकिटं वापरायच्या वेळीच फोडावीत. उरलेले ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवावेत. पाकिटावर ओलीचा दर्जा ३ लिहिला असेल, तर ते फोडल्यापासून १६८ तासांत, म्हणजे सात दिवसांत, संपवायचे, तेही हवा तीस अंश आणि दमटपणा शेकडा साठच्या आत असेल तर. आपल्या श्रावणात एवढीही सवड धरू नका. मुदत टळली, तर कंपनीच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे मंद आचेवर वाळवून मग वापरा.

थंडीत नि कोरड्या उन्हाळ्यात उलट त्रास. नायलॉनची साडी सरसरते, केस उभे राहतात, तीच वीज नाजूक भागांना मारते आणि आपल्याला कळतही नाही. कामाला सुती किंवा खादी नेसावी. वर्ध्याला तिची काय वाण! मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. पदर खोचलेला, केस बांधलेले आणि हातातल्या धातूच्या बांगड्या काढून ठेवलेल्या बऱ्या.

बिघडलं कुठे? आधी ‘कधी आणि कुठे’ विचारा

दोष दिसला की सगळ्या जणी एकदम सुचवायला लागतात, ‘आच वाढवा’, ‘पेस्ट बदला’, ‘भट्टीच वाईट’. तसं करू नका. आधी वही काढा.

प्रत्येक पट्टीत दोष त्याच जागी येतो? मग छाप्याचं भोक किंवा पट्टीची आखणी पाहा. कधी इथे, कधी तिथे? मग पेस्ट, हात किंवा आच. फक्त कडेच्या पट्ट्यांत? भट्टी सारखी तापत नाही. दिवसाच्या पहिल्या चारपाच पट्ट्यांतच? पेस्ट थंड होती किंवा भट्टी पुरती तापलेली नव्हती. जेवणानंतरच्या पट्ट्यांत? छाप्यावर पेस्ट वाळली. एवढ्या पाच प्रश्नांत बरेचसे चोर सापडतात.

आता नेहमीचे दोष आणि उपाय:

भाग एका टोकावर उभा राहिला. एका बाजूचं कथील आधी वितळलं आणि त्याने भागाला ओढून उभं केलं. दोन्ही बाजूंची पेस्ट सारखी आहे का, भाग मधोमध ठेवला होता का, हे पाहा. वितळायच्या आधीची आच थोडी धीमी करा.

दोन शेजारच्या पायांत कथलाचा सांधा जुळला. पेस्ट जास्त झाली किंवा पसरली. छाप्याची खालची बाजू दर पाच-दहा पट्ट्यांनी पुसा. झालेला सांधा फ्लक्स लावून तांब्याच्या वेणीने काढता येतो.

बाजूला मोहरीपेक्षा बारीक गोळ्या उडाल्या. पेस्टमध्ये ओल गेली, ती जुनी झाली किंवा सुरुवातीलाच आच मोठी होती. या गोळ्या घासून काढाच. पुढे सुटून दोन तारांमध्ये बसल्या तर माल परत येतो.

सांधा दाणेदार, पेस्ट अर्धवट वितळलेली. उष्णता कमी पडली. पण एक लक्षात असू द्या, बिनशिशाचा सांधा मुळातच थोडा मंद दिसतो. केवळ चकाकी नाही म्हणून तो कच्चा ठरवू नका. कथील कडेने नीट पसरून चढलंय का, ते भिंगाखाली पाहा.

कथील पट्टीला धरतच नाही, गोळा होऊन बसतं. पट्टीवर मळ किंवा गंज. जुना साठा, नाही तर बोटांचा घाम. पट्टी नेहमी कडेने धरा. स्वयंपाकाचे तेलकट हात तर मुळीच नकोत.

एलईडी लागत नाही. शेकडा कितीदा तरी उलटा बसलेला असतो. त्याची खूण आधी पाहा. मल्टिमीटरने तपासताना मात्र फसू नका. घरच्या दिव्यांतल्या काही एलईडींच्या पोटात तीन किंवा सहा दिवे ओळीने असतात. त्यांना नऊ किंवा अठरा व्होल्ट लागतात. साधा मीटर तेवढं देऊ शकत नाही, म्हणून चांगला एलईडीसुद्धा मेलेला वाटतो. एलईडी तपासायचं वेगळं साधन स्वस्त मिळतं, ते ठेवा.

एलईडीचा पिवळा भाग काळवंडला किंवा चिरला. आच फार झाली, ओल होती किंवा चिमट्याने मऊ डोक्यावर दाबलं. तो नेहमी कडांनी उचलावा.

आणि उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. भाजीत मीठ, तिखट, गूळ एकदम बदललं, तर चव कशाने सुधारली ते कसं कळणार? तसंच हे.

शिशाशी गाठ आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिसं हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात अधिक बाधतं. पोटातल्या बाळालाही ते आईच्या रक्तातून पोचतं. सोल्डर करताना निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. त्याने दमा होऊ शकतो. शिसं मात्र बोटांवरून तोंडात जातं, पेस्ट पुसलेल्या फडक्यातून घरभर पसरतं. तेव्हा ही पथ्यं पाळाच:

गरोदर नि अंगावर पाजणाऱ्या बाईने शिशाच्या सोल्डरला हात लावू नये. टेबलावर चहा, सुपारी, डबा काही नको. काम संपल्यावर साबणाने हात धुऊन, वरचं कापड बदलून मगच मुलाला घ्यावं. पेस्ट घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवायची नाही, छोटा वेगळा फ्रिज गटाच्या खर्चात धरा. केक भाजायचा ओव्हन किंवा पोळीचा तवा एकदा या कामाला लागला, की तो कायमचा या कामाचा. स्वयंपाकघरात तो परत नको, कितीही घासला तरी! खरकटं कथील, फडकी, बाद पट्ट्या चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. वेगळ्या डब्यात साठवून नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

याहून सोपा मार्ग म्हणजे बिनशिशाचंच सोल्डर वापरा. ते थोडं महाग, आच जास्त लागते. पण १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांतही ठरावीक विद्युत वस्तूंमध्ये शिशाचं प्रमाण हजारात एक भागाच्या आत हवं असं सांगितलंय, तेव्हा बाजारही तिकडेच वळलेला आहे. कथील-बिस्मथची १३८ अंशांना वितळणारी पेस्टही मिळते, कमी आचेत काम होतं. पण तिचा सांधा ठिसूळ, तापणाऱ्या एलईडीच्या दिव्याला ती नको. शिवाय तिच्यावर शिशाच्या सोल्डरने दुरुस्ती मुळीच करू नये. शिसं, कथील नि बिस्मथ एकत्र आले, की उकळत्या पाण्याहूनही कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू होऊ शकतो!

कोणत्या मालापासून सुरुवात?

घरच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यापासून नको. बऱ्याच दिव्यांच्या आतलं सर्किट थेट मेनशी जोडलेलं असतं. २३० व्होल्टची वीज आत एकदिशा झाली, की सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढते, आणि दिवा काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये राहते. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. शिवाय असे एलईडी दिवे बनवून विकायचे, तर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते. सहा किंवा बारा व्होल्टच्या सौर कंदिलाच्या पट्ट्या घ्या. हात बसतो, जीव धोक्यात नाही.

आणि ‘मशीन आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर सावध व्हा. माल परत घेण्याचा करार वेगळ्या कागदावर, किती नग, काय दर, बाद कोण ठरवणार, पैसे किती दिवसांत, एवढं सगळं लिहून मागा. मशीनचा पैसा देण्याआधी त्यांच्या दहा जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोन तुम्ही निवडा आणि त्यांच्या घरी जाऊन पाहा, मशीन चालू आहे की त्यावर गोधडी पडली आहे.

पहिल्या महिन्यात एवढंच करा: एक गरम तवा, एक छापा, दोन चिमटे, एक भिंग, आणि कच्च्या मालात पन्नास पट्ट्या. पन्नासांतल्या किती पहिल्या फटक्यात चालल्या, किती दुरुस्त केल्या, किती बाद गेल्या, हे वहीत मांडा. चाळिसांच्या वर पहिल्याच फटक्यात चालू लागल्या, की काम देणाऱ्याशी बोला. पंचेचाळिसांवर गेल्या, की भट्टीचा विचार करा. आणि बँकेत कर्ज मागायला जाल तेव्हा रंगीत पत्रक घरी ठेवून ही वही बरोबर न्या.